दार लावून घ्या: एकट्यानं प्रार्थनेला बसणाऱ्यांसाठी

बुधवारच्या प्रार्थनासभेत शेवटची प्रार्थना कोण करणार, असा प्रश्न आला की पंधरा-वीस माना माझ्याकडे वळायच्या. मला ते आवडायचं. ‘हे कृपासिंधू, दयाघना, सर्वसमर्थ परमेश्वरा’ म्हणून गाडी सुटायची, ती सात-आठ मिनिटांनी ‘आमेन’ला थांबायची. मावश्या पदरानं डोळे पुसायच्या. ‘किती सुंदर प्रार्थना करतेस गं!’ म्हणायच्या.

मग एका रात्री घरात एकटी होते. नवरा रात्रपाळीला, वीज गेलेली, आणि दुसऱ्या दिवशी आईच्या तपासणीचा रिपोर्ट येणार होता. मी गुडघे टेकले आणि तोंडातून आलं, ‘हे कृपासिंधू, दयाघना...’ तिसऱ्या वाक्याला अडखळले, मागं गेले आणि ते वाक्य नीट करून पुन्हा म्हटलं. कुणासाठी? घरात मांजरसुद्धा नव्हतं. त्या अंधारात मला कळलं की इतकी वर्षं मंडळीत, म्हणजे चर्चच्या माणसांत, काढूनही मला एकटीनं प्रार्थना करता येत नाही. मी लोकांना ऐकवायला शिकले होते, आणि लोक नसले की स्वतःला ऐकवत होते.

ते शिकायला पुढं बराच काळ गेला. त्यात ज्या ज्या ठिकाणी ठेचकाळले, ती ठिकाणं खाली लिहिली आहेत. नुकताच बाप्तिस्मा घेतलेले, ख्रिस्ती घरात वाढूनही फक्त चारचौघांत प्रार्थना केलेले, किंवा नुसतंच कुतूहल असलेले, कुणीही वाचा. मी प्रोटेस्टंट मंडळीतली आहे, त्यामुळे शब्द तिकडचे येतील. वसईकर कॅथलिक वाचकांनी सांभाळून घ्यावं.

काय काय लागतं

कागदपत्रं: एकही नाही. बाप्तिस्म्याचा दाखला, पाळकांची चिठ्ठी, वर्गणीची पावती, काही दाखवावं लागत नाही. हे गमतीनं लिहितेय, पण ‘माझा अजून बाप्तिस्मा झालेला नाही, मी प्रार्थना केली तर चालेल का?’ असं मला खरोखर विचारलं गेलं आहे. चालेल.

सामान:

- पवित्र शास्त्र. जुन्या मराठीची अडचण वाटत असेल तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं सुबोध बायबल घ्या, ते घरच्या भाषेच्या जवळ आहे.
- एक स्वस्तातली वही आणि पेन.
- साधं गजराचं घड्याळ. मोबाइल नको. ‘मी फक्त बायबलचं ॲप बघणार’ असं मीही म्हणायचे.
- बसायला चटई किंवा खुर्ची. गुडघे दुखत असतील तर खुर्चीच.

१. आधी ‘भरून पावणं’ म्हणजे काय ते समजून घ्या

मत्तयाच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रात, सहाव्या अध्यायात येशू दान, प्रार्थना आणि उपास या तिन्हींबद्दल एकाच चालीत बोलतो. लोकांनी पाहावं म्हणून सभास्थानात (ज्यूंच्या प्रार्थनास्थळात) आणि रस्त्याच्या कोपऱ्यावर उभं राहून जे प्रार्थना करतात, ते आपलं प्रतिफळ ‘भरून पावले’ आहेत. मूळ ग्रीकमधलं हे क्रियापद त्या काळच्या पावत्यांवर सापडतं. पूर्ण रक्कम मिळाली, आता काही येणं नाही, असा त्याचा अर्थ. आपल्या मराठीत ‘भरून पावलो’ अगदी तसंच आहे, वर त्यात एक उपरोधही आहे.

म्हणजे त्या माणसांना शिक्षा नाही. त्यांना कौतुक हवं होतं, ते मिळालं, हिशोब मिटला. मावश्यांनी डोळे पुसले तेव्हा माझाही मिटला होता.

येशू चारचौघांतल्या प्रार्थनेविरुद्ध नाही. तो स्वतः सभास्थानात जायचा. प्रश्न एवढाच की ऐकणारा कोण आहे. एकांताचा उपयोग इथं होतो: बाकीचे श्रोते खोलीबाहेर गेले की आपण कुणाशी बोलत होतो ते उघडं पडतं. सगळ्यात शेवटी बाहेर काढायचा श्रोता म्हणजे आपण स्वतः, आणि तो लवकर हलत नाही.

२. खोली शोधा

‘आपल्या खोलीत जा व दार लावून घे’ हे वाचून मला पूर्वी राग यायचा. वन आरकेमध्ये चार माणसं राहतात तिथं कसली खोली? नंतर कळलं की त्या वचनातला ग्रीक शब्द ‘तामेइऑन’ म्हणजे झोपायची खोली नव्हे, कोठीची खोली. लूकच्या शुभवर्तमानात बाराव्या अध्यायात कावळ्यांना कणगी नाही, कोठार नाही असं म्हटलंय, तिथं हाच शब्द आहे. धान्य, तेल ठेवायची, घरातली सगळ्यात आतली, कुणी मुद्दाम डोकावणार नाही अशी जागा.

मग मी स्वयंपाकघरातच जागा केली. तांदळाचा डबा आणि सिलिंडर यांच्यामध्ये एक माणूस मांडी घालून बसू शकतो. पहाटे पाणी यायच्या आधी तिथं कुणी येत नाही. तुमची जागा गच्चीच्या जिन्यात असेल, दुपारी उघडं असणारं चर्च असेल, कंपनीच्या बसमधली खिडकीजवळची सीट असेल. मेथडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीची आई सुझाना पोरांनी गजबजलेल्या घरात डोक्यावर ॲप्रन ओढून प्रार्थना करायची, असं सांगतात. माझी आजी चुलीपुढं पदर पुढं ओढून घ्यायची. पदर खाली आला की तिच्याशी बोलायचं नाही, हे आम्हा पोरांना ठाऊक होतं.

जागा मात्र रोज तीच ठेवा. रोज नवी जागा शोधण्यात दहा मिनिटं जातात, आणि तेवढीच आपल्याकडे असतात.

३. दहा मिनिटं. अकरा नाही

नव्या माणसाची ठरलेली चूक: पहिल्या दिवशी एक तास, दुसऱ्या दिवशी पाऊण, चौथ्या दिवशी काही नाही, आणि मग ‘माझ्यात विश्वासच कमी आहे’ अशी खंत. येशू डोंगरावर रात्रभर प्रार्थनेत राहिला, हे लूक ६:१२ मध्ये आहे. पण ती रात्र बारा शिष्य निवडायच्या आधीची होती. जुन्या करारातला दानिएल दिवसातून तीनदा गुडघे टेकायचा. तुम्ही गजर लावा, दहा मिनिटं बसा, गजर झाला की उठा. आणखी बसावंसं वाटलं तरी पहिले दोन आठवडे उठाच.

आणि घड्याळाकडे डोळे जात असतील तर लाजू नका. १६व्या शतकातली आविलाची तेरेसा ही प्रार्थनेची मोठी गुरू. तिनं स्वतःच लिहून ठेवलंय की कित्येक वर्षं ठरवलेला तास कधी संपतो याकडेच तिचं लक्ष असायचं.

पहाटच हवी असं नाही. मार्क १:३५ मध्ये येशू अंधार असतानाच उठून एकांतात गेला, म्हणून आपल्याकडे पहाटेचा आग्रह धरतात. रात्रपाळी करणाऱ्याची पहाट दुपारी बाराला होते.

४. हाक मारा, आणि घरच्या भाषेत मारा

मराठीत एक गंमत आहे. पाळकांना आपण ‘तुम्ही’ म्हणतो, सासऱ्यांना ‘तुम्ही’, बऱ्याच घरांत वडिलांनाही ‘तुम्ही’. देवाला मात्र ‘तू’. तुकोबा विठ्ठलाशी ‘तू’ म्हणूनच भांडतात. रेव्हरंड नारायण वामन टिळक आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं म्हणायचे, आणि त्यांच्या भजनांतही हाच ‘तू’ भरून राहिलाय. विशेषणांचा हार घालायची गरजच नाही, इतकी जवळीक या एका अक्षरात आधीच आहे.

पकडला जाण्याआधी गेथशेमाने बागेत प्रार्थना करताना येशूनं देवाला ‘अब्बा’ म्हटलं, तो अरामी भाषेतला घरचा शब्द. म्हणून घरी जे बोलता त्यातच बोला. अहिराणी, मालवणी, कादोडी, नगरी हेल, सगळं चालतं. पंडिता रमाबाईंनी केडगावला मुक्तिसदनात बसून हिब्रू आणि ग्रीकवरून अख्ख्या बायबलचं भाषांतर केलं, ते साध्यासुध्या बायकांना कळावं म्हणून. त्यांनी एवढे कष्ट उपसले आणि आपण एकटे असताना पुन्हा ‘हे करुणाघना’ करत बसलो तर कसं व्हायचं!

मी महिनाभर एक नियम पाळला: भाजीवाल्याशी बोलताना जो शब्द वापरत नाही, तो प्रार्थनेत वापरायचा नाही. पहिले तीन दिवस मला बोलायला काही उरलंच नव्हतं.

५. खरं बोला

इथं थोडा वेळ थांबू या. बाकीच्या पायऱ्या चुकल्या तरी निभावतं, ही चुकली की सगळं पोकळ होतं.

माझ्या वहीतलं एक पान. वरची ओळ आधी लिहिलेली, खालची चार दिवसांनी:

‘प्रभू, माझ्या सहकारी भगिनीला तिच्या नव्या जबाबदारीत आशीर्वाद दे.’

‘बापा, तिचं प्रमोशन मला बघवत नाही. ती आजारी पडावी असंसुद्धा एकदा मनात आलं.’

पहिली ओळ सभेत म्हटली असती तर सगळे ‘आमेन’ म्हणाले असते. ती खोटी नव्हती, पण ती माझी नव्हती. दुसरी लिहिली तेव्हा पोटात खड्डा पडला, आणि कितीतरी महिन्यांनी पहिल्यांदा वाटलं की समोर कुणीतरी आहे.

लूकच्या अठराव्या अध्यायातले दोघे आठवा. परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या ज्यू पंथातला माणूस, मंदिरात उभा राहून आठवड्यातले दोन उपास आणि मिळकतीचा दशांश मोजून दाखवतो. त्यातलं काही खोटं नसावं. जकातदार, म्हणजे लोक ज्याला पापी समजत तो करवसुली करणारा, वर बघायलाही धजत नाही, छाती बडवून एवढंच म्हणतो की देवा, मज पाप्यावर दया कर. नीतिमान ठरून घरी जातो तो हा. परूशी देवापुढं उभा असतानाही त्याचं लक्ष शेजारच्या जकातदाराकडे आहे. ‘मी याच्यासारखा नाही’ असं तो म्हणतो ना!

राग आला असेल तर तोही आत घेऊन या. स्तोत्र १३ ‘किती काळ?’ असं विचारतच सुरू होतं. ८८वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी समाधानाची एक ओळही नाही. तरी ते पवित्र शास्त्रात राहिलं. जुन्या करारातली हन्ना मूल व्हावं म्हणून मंदिरात ओठ हलवत, आवाज न काढता रडत राहिली, तेव्हा एली याजकाला वाटलं ही दारू पिऊन आलीय. एकांतातली प्रार्थना बाहेरून अशीच दिसते, फारशी शोभिवंत नाही.

शब्दच सुचत नसतील तर गप्प बसा. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो की आपल्याला नीट मागता येत नाही तेव्हा आत्मा शब्दांपलीकडच्या कण्हण्यानं आपल्यासाठी विनंती करतो. आईचा रिपोर्ट हातात आला त्या दिवशी मी दहा मिनिटं नुसती बसून होते. ती दहा मिनिटं मी वहीत ‘प्रार्थना’ म्हणूनच लिहिली आहेत.

६. अडलात तर प्रभूची प्रार्थना हाताशी धरा

‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ आपण इतक्या वेगानं म्हणतो की मध्ये श्वास घ्यायलाही जागा नसते. एका दिवशी एकच ओळ घ्या. मी ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे’ या ओळीवर अकरा दिवस अडकले होते, कारण आमच्याकडून उसने पैसे नेलेला एक नातेवाईक रोज डोळ्यांपुढं यायचा.

एक गोष्ट सहज लक्षात येत नाही. दार लावून, एकट्यानं म्हणायच्या या प्रार्थनेत ‘माझ्या’ हा शब्द नाहीच. ‘आमच्या’, ‘आम्हांला’, ‘आमची’. बंद खोलीतही बाकीची माणसं तुमच्याबरोबर असतात, श्रोते म्हणून नव्हे एवढंच. म्हणून ‘मी घरीच प्रार्थना करतो, मंडळीची गरज काय?’ हे मला पटत नाही.

तेच तेच शब्द म्हणणं वाईट का? येशूनं निरर्थक बडबडीला नाही म्हटलंय, पुन्हा म्हणण्याला नाही. गेथशेमानेत त्यानं स्वतः तिसऱ्यांदा तेच शब्द बोलून प्रार्थना केली, असं मत्तय सांगतो. रोझरीचे मणी ओढणारी वसईची आजी आणि ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर’ हे श्वासागणिक म्हणणारा ऑर्थोडॉक्स साधू, दोघांनाही ओठ एका जागी बांधून मन मोकळं करायचं असतं. प्रोटेस्टंटांनी यावर नाक मुरडण्याआधी आपल्या ‘प्रभू, प्रभू, प्रभू’ची एकदा मोजणी करावी.

७. मन पळालं तर

पळणारच. गॅस बंद केला का? उद्या डब्याला काय? वही याचसाठी आहे. एका शब्दात लिहा आणि परत या. काही दिवसांनी ही यादी वाचून बघा. जे नाव पाचव्यांदा आलंय तो व्यत्यय नाही, तोच आजचा प्रार्थनेचा विषय.

दिवसभर छोट्या प्रार्थना टाका. जुन्या काळातला थोर धर्मपंडित ऑगस्टीन, त्यानं प्रोबा नावाच्या एका रोमन विधवेला पत्रात इजिप्तमधल्या साधूंबद्दल लिहिलंय की ते फार आखूड प्रार्थना करतात, भाला फेकावा तशा झटकन, म्हणजे लक्ष विरायच्या आत ती पोचते. पुष्कळ बोलणं वेगळं आणि पुष्कळ प्रार्थना करणं वेगळं, हेही त्याच पत्रात आहे. माझा भाला पीएमपी बसच्या गर्दीत फेकलेला असतो: ‘बापा, सांभाळ.’

८. थोडं ऐका, पण जपून

शेवटची तीन मिनिटं शास्त्रातला एखादा छोटा उतारा वाचा, सहा-सात ओव्यांपेक्षा जास्त नको. हळू वाचा, कुठं अडकायला होतं ते बघा, त्याबद्दल बोला, मग गप्प बसा. बाराव्या शतकातल्या गिगो नावाच्या कार्थुसियन मठवासीनं याच चार पायऱ्यांची शिडी सांगितली आहे: वाचन, मनन, प्रार्थना, दर्शन.

सावधगिरी: मनात आलेला प्रत्येक विचार म्हणजे देवाची वाणी नव्हे. ‘देवानं मला सांगितलं, नोकरी सोड’ असं वाटलं तर पाळकांशी, घरच्यांशी बोला, महिनाभर थांबा. आणि प्रार्थना सुरू केली म्हणून रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी बंद करू नका. असं करायला सांगणारा कुणी भेटला तर त्याची सभा सोडा.

९. उठण्याआधी एक फोन

अर्पण वेदीपाशी ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग ये, असं मत्तय ५:२३-२४ मध्ये आहे. प्रार्थनेत कुणाचं नाव टोचत राहिलं तर त्या दिवशी त्याला फोन लावा. त्या उसन्या पैशांवरून मी अकराव्या दिवशी लावला. पैसे मिळाले नाहीत. बोलणं सुरू झालं.

नेहमीचे सापळे

*स्टेटस.* ‘पहाटे ४ वाजता प्रभूच्या चरणी’ असा फोटो व्हॉट्सॲपवर टाकलात की पावती फाडली गेली, भरून पावलात.

*प्रार्थनेच्या विषयाचं निमित्त.* ‘त्यांच्या घरासाठी प्रार्थना करा हं, सुनेचं आणि त्यांचं...’ ही चहाडी आहे. दुसऱ्याचं दुःख वहीत ठेवा, बाहेर नेऊ नका.

*सौदा.* ‘हे दिलंस तर ते देईन.’ नवसाची सवय आपल्या मातीतच आहे, आणि पाण्यात बुडी मारून बाप्तिस्मा घेतला तरी ती धुऊन जात नाही. मागा, हक्कानं मागा, येशूच्या दृष्टांतातल्या, अन्यायी न्यायाधीशाच्या दारातल्या विधवेसारखं पुन्हा पुन्हा मागा. भाव ठरवू नका.

*‘नाही’ म्हणजे विश्वास कमी पडला.* पौलानं ‘देहातला काटा’, म्हणजे त्याला छळणारं एक दुखणं, जावं म्हणून तीनदा विनंती केली, काटा राहिला. गेथशेमानेत येशूनं टळावा म्हणून मागितलेला दुःखाचा प्याला टळला नाही. माझी आई त्या रिपोर्टनंतर चौदा महिने होती. आम्ही दोघींनी त्या काळात जेवढं खरं बोलून घेतलं तेवढं आधी कधी बोललो नव्हतो. याला उत्तर म्हणायचं का, हे मी अजून ठरवलेलं नाही.

*काहीच वाटत नाही.* आठवडेच्या आठवडे वाटणार नाही. तरी गजर लावा, दहा मिनिटं बसा, उठा.

वही कुठं ठेवायची, हे मला नेहमी विचारतात. माझी तांदळाच्या डब्यामागे असते. पहिल्या चार पानांवर मी किराण्याचा हिशोब लिहून ठेवलाय, खराखुरा, आणि पाचव्या पानापर्यंत आजवर घरातलं कुणी गेलेलं नाही.